शाळेच्या प्रयोगशाळेतील जुनी रसायने सुरक्षितपणे हलवण्यासाठी मदतीचे आवाहन

सर्व माजी विद्यार्थी, पालक, गावकरी आणि मुंबई-पुण्याकडील चाकरमानी मंडळींना माजी विद्यार्थी मंडळाचा सस्नेह नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि नदीकाठच्या गावांत शिरले, त्यात आपल्या हायस्कूलची तळमजल्यावरची प्रयोगशाळाही बुडाली. पुढच्या दिवसांत तुमच्यापैकी कित्येकांनी फावडी-घमेली घेऊन वर्गांतला चिखल उपसला, बाके धुतली, वह्या-पुस्तके पाठवली. शाळा ते विसरलेली नाही. त्या धावपळीत रसायनांचे कपाट मात्र कुलूप लावून बाजूला ठेवले गेले आणि अजून तसेच आहे. आता ते उघडायचे, आतले सगळे नीट हलवायचे आणि मुलांसाठी प्रयोगशाळा पुन्हा सुरू करायची, असे शाळेने आणि मंडळाने मिळून ठरवले आहे. हे काम एकट्या शाळेला झेपणारे नाही.

कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतील बाटल्यांची लेबले पुराच्या पाण्यात सुटून गेली. तपकिरी काचेच्या बाटलीत नायट्रिक आम्ल आहे की सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. काही पत्र्याची झाकणे गंजून बाटलीच्या तोंडाला घट्ट बसली आहेत. जोर लावून उघडायला जावे तर बाटलीच फुटायची. सोडियमची बाटली वरच्या कप्प्यात होती म्हणून पाणी तिच्यापर्यंत पोचले नाही. तिच्यातले रॉकेल आता निम्म्यावर आले आहे आणि उघड्या पडलेल्या तुकड्यांवर पांढरट थर चढला आहे. सोडियमला पाणी लागले की हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याच उष्णतेने पेट घेतो, हे आपण सगळेच नववी-दहावीला शिकलो. पुराचे पाणी आणखी दोन हात चढले असते तर त्या खोलीत काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

दुसरी मोठी काळजी पाऱ्याची. जुना बॅरोमीटर आणि थर्मामीटरचा खोका पुरात फुटला. शहाबादी फरशीच्या सांध्यांत पाऱ्याचे बारीक मणी अजून चमकताना दिसतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पारा तळहातावर खेळवला आहे, तेव्हा कुणी हटकत नसे. पण पारा साध्या हवेतही हळूहळू उडत राहतो. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि बंद खोलीत ती श्वासावाटे शरीरात जाते. मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांना तिचा त्रास होतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांना जास्त. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ मध्ये बंद पडला, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. आपल्या प्रयोगशाळेत यापुढे पारा असू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे. सांडलेला पारा केरसुणीने झाडू नये. मण्यांचे आणखी बारीक मणी होऊन ते खोलीभर पसरतात. म्हणूनच ती खोली सध्या बंद ठेवली आहे.

याशिवाय फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या साप-बेडकांच्या बरण्या आहेत, क्रोमियमचे आणि शिशाचे क्षार आहेत, आणि बर्नरवर ठेवायच्या तारेच्या जुन्या जाळ्या आहेत. त्या जाळ्यांच्या मधोमध जो पांढरा गोल असतो तो जुन्या मालात बहुधा अॅस्बेस्टॉसचा, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणाऱ्या तंतूंचा असे, आणि आता त्याचे पापुद्रे निघत आहेत.

“एवढे काय, मागच्या परड्यात खड्डा खणा आणि पुरून टाका,” असे काहींनी आपुलकीनेच सुचवले. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की हे करायचे नाही. शाळेची बोअरवेल त्या परड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि उतार सगळा पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे जातो. आपल्याकडच्या पावसात काय जमिनीत राहते आणि काय वाहून जाते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. शिसे, पारा, क्रोमियम कुजत नाहीत, किती वर्षे गेली तरी तिथेच राहतात. आज पुरलेले उद्या मुलांच्या पिण्याच्या पाण्यात यायचे.

रीतसर मार्ग आहे. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार असा माल परवानाधारक वाहनातून सामायिक विल्हेवाट केंद्राकडे पाठवता येतो, आणि तसे केंद्र तळोज्याला आहे. अडचण खर्चाची आहे. ओळख पटवणे, वेगवेगळे बांधणे, वाहतूक आणि विल्हेवाट, प्रत्येक टप्प्याला पैसे लागतात. अनुदानित शाळेला मिळणाऱ्या वेतनेतर अनुदानातून वीजबिल आणि खडू-फळा भागवतानाच ओढाताण होते. त्यातून जी उपकरणे जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढली आहेत त्यांचे निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी केल्याशिवाय, ती हलवताही येत नाहीत. त्याचे कागदपत्र मुख्याध्यापकांनी सुरू केले आहेत.

पैशांइतकीच आम्हाला जाणत्या माणसांची गरज आहे. आपल्या शाळेचे कितीतरी विद्यार्थी लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत काम करतात. कुणी सेफ्टी विभागात आहे, कुणी क्वालिटी लॅबमध्ये, कुणी प्लँटवर शिफ्ट सांभाळतो. तुम्ही रोज जे करता तेच इथे हवे आहे: बाटली न उघडता काय ओळखता येते, कशाशेजारी काय ठेवायचे नाही, कोणते हातमोजे आणि कोणता मास्क. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनीही यावे. सुट्टीचे दोन रविवार दिलेत तरी यादी पूर्ण होईल. कंपनीच्या सामाजिक निधीतून काही होण्यासारखे असेल तर तुमच्या साहेबांच्या कानावर घाला. पत्र शाळा देईल.

एक अट मात्र आहे. या कामाला एकही विद्यार्थी हात लावणार नाही. “मुलांना बोलवा, पटकन होईल” हे आपल्याकडे सवयीने म्हटले जाते, पण इथे ते चालणार नाही. शिपाईमामांनाही योग्य साधनांशिवाय आत पाठवणार नाही.

याच निमित्ताने शाळेच्या आवारातल्या आणखी काही गोष्टी मार्गी लावायच्या आहेत. सायकल स्टँडचे फुटलेले सिमेंटचे पत्रे मागे रचून ठेवलेत आणि मुले त्यांचे तुकडे क्रिकेटच्या स्टंपांच्या जागी उभे करतात. त्यात अॅस्बेस्टॉस असते. ते कापू, फोडू नये, ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच उचलावे. संडासात ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र ओतले तर क्लोरिन वायू निघतो, त्यामुळे सफाई करणाऱ्या ताईंसाठी दोन्हींची जागा वेगळी हवी. परसबागेच्या फवारणीचे औषध पोषण आहाराच्या खोलीच्या आसपासही नको. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातील गंडामण गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेले आणि २३ मुले दगावली. कीटकनाशक आणि अन्न एकमेकांपासून दूर ठेवले गेले असते तर ती मुले आज कॉलेजात असती.

काही जण विचारतात, एवढी भानगड असेल तर प्रयोगशाळा बंदच का करत नाही? आम्हाला हे मुळीच मान्य नाही. परीक्षानळीत रंग बदलताना स्वतः पाहिलेले मूल विज्ञान वेगळ्या तऱ्हेने शिकते. पुरापासून आपली मुले प्रयोग फळ्यावरच पाहत आहेत, आणि हे नुकसान पत्र्या-बाकांच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे. म्हणून नवी प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, पुराच्या रेघेच्या वर करायची आहे. रसायने थोडी आणि लागतील तेवढीच आणायची, आम्ले खालच्या कप्प्यात ट्रेमध्ये ठेवायची, प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव आणि आणल्याची तारीख घालायची.

तिच्यासाठी कुलूप लागणारी दोन लोखंडी कपाटे, एक्झॉस्ट पंखा, अग्निशामक सिलिंडर, वाळूच्या बादल्या, डोळे धुण्याची सोय, मुलांच्या मापाचे गॉगल आणि पाऱ्याऐवजी अल्कोहोलचे थर्मामीटर हवे आहेत. वस्तू द्यायची असेल तर आधी शाळेत विचारून घ्यावे, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. कुणाकडे जुनी रसायने पडून असतील तर ती मात्र कृपया देणगी म्हणून पाठवू नयेत.

रोख रक्कम कुणाच्याही हाती देऊ नये. धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम संस्थेच्या खात्यातच भरावी आणि कार्यालयातून पावती घ्यावी. खात्याचा तपशील शाळेच्या कार्यालयात मिळेल. विल्हेवाटीची दरपत्रके आली की ती आणि जमा-खर्च, दोन्ही शाळेच्या दर्शनी फलकावर लावू. मुंबई मंडळाच्या सभेतही हिशेब वाचून दाखवला जाईल. फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्यावे.

पावसाळ्यापूर्वी कपाट रिकामे व्हायला हवे. गणपतीला गावी येणारे तोवर थांबले तर उशीर होईल, म्हणून शिमग्याला येणाऱ्यांनी पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत यावे. मुख्याध्यापक आणि मंडळाचे सदस्य तिथे असतील.

आपले नम्र,
माजी विद्यार्थी मंडळ आणि शाळा व्यवस्थापन