अहो, तो मिकी नव्हता

संपादक महाशय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'अँकर्स अवे' या जुन्या हॉलिवूड सिनेमावरचा लेख वाचला, काल दिवसभर गप्प बसून बघितलं, नाही जमलं. अहो, नायक जीन केली त्यात मिकी माउसबरोबर नाही नाचत, जेरीबरोबर नाचतो! टॉम अँड जेरीतला जेरी. सिनेमा एमजीएम स्टुडिओचा, उंदीरही एमजीएमचाच, हॅना-बार्बेरांनी काढलेला, डिस्नेचा संबंध येतोच कुठे? तुमच्या लेखकसाहेबांना बहुतेक एकच उंदीर माहितीये.

एवढं लागायचं कारण सांगतो. ९६-९७ साल असेल, तेव्हा केबलवर एकाच चॅनलवर दिवसा कार्टून नेटवर्क आणि रात्री टीएनटी लागायचं. मी हाच सिनेमा बघत बसलेलो, पाच वर्षांची लेक पाणी प्यायला उठून आली आणि टीव्हीपुढे खिळलीच. "बाबा, जेरी माणसांत कसा आला?" सिंहासनावर मुकुट घालून राजा जेरी, नाचता येत नाही म्हणून तोंड पाडून बसलेला, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला केली त्याला एकेक स्टेप शिकवतोय. खाली चकचकीत फरशीत केलीचं प्रतिबिंब दिसतं तसं जेरीचंही काढलंय, ते पोरीनेच काचेवर बोट ठेवून दाखवलं. आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडची लाइट गेली! तिने जो भोकाड पसरला, शेवटी मेणबत्तीच्या उजेडात पुढचा नाच मीच करून दाखवला, दिवाणावरून उडीसकट, तो गुडघा अजून बोलतो. तीच लेक काल फोनवर विचारते, बाबा, तुमच्या पेपरात मिकी??

बरं, लेखासोबतच्या फोटोत खलाशी तीन. या सिनेमात दोनच आहेत हो, केली आणि फ्रँक सिनात्रा. तिघांचा तो 'ऑन द टाउन', १९४९चा. निदान डोकी तरी मोजायची! शिवाय म्हणे "युद्ध जिंकल्याच्या जल्लोषात काढलेला" सिनेमा. तो लागला जुलै १९४५ला, जपानने हात टेकले ऑगस्टमध्ये, शूटिंग तर त्याच्याही आधीचं. जल्लोष काय अॅडव्हान्समध्ये केला? बाकी लेखाची भाषा छान होती, ते कबूल.

आणि हो, सलग दोन रविवार शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. निदान सात उभा काय होतं तेवढं कळवा, बायको रोज मलाच विचारते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे