मोर्चा परतल्यावर रागाचे काय होते?

महोदय,

आंदोलनातल्या भावनेला ‘गर्दीचा उमाळा’ म्हणून बाजूला सारणे चूक आहे. मार्च २०१८चा नाशिक-मुंबई शेतकरी मोर्चा आठवावा. सुमारे १८० किलोमीटर चाललेल्यांचा संताप खरा होता. तरी दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून ११ मार्चला सोमय्या मैदानावर पोचलेली ही माणसे रातोरात आझाद मैदानाकडे निघाली. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे आणि ही एक कृती, यांनी मुंबईकर हलले. लोकांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या. नुसता राग त्रयस्थाला बिचकवतो, दुसऱ्याची काळजी वाहणारा राग त्याला जवळ ओढतो. भावना वेगळी, विवेक वेगळा ही पुस्तकी फाळणी इथे टिकत नाही.

घात नंतर होतो. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळाले, वनहक्क दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढू असे सांगितले गेले, माणसे घरी परतली. पण दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. त्या टेबलांसमोर गर्दी नसते. फेब्रुवारी २०१९मध्ये पुन्हा चालावे लागले. म्हणून गावनिहाय दाव्यांची यादी आणि पाठपुरावा करणारी गावागणिक दोन माणसे मैदान सोडण्यापूर्वीच ठरवावीत.

– एक वाचक, नाशिक