निमे, संस्था काढणं म्हणजे भिशी लावणं नव्हे

सांगली
रविवार, दुपार

प्रिय निमे,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. भाकरी थापताना ऐकला, त्यामुळे मधे दोन वाक्यं तव्यावर गेली असतील, पण मुद्दा पोचला. तुझं म्हणणं, सुमे, तू ह्या आजाराबद्दल एवढं वाचतेस, एवढ्या पेशंट बायकांशी फोनवर तासतास बोलतेस, मग त्यांच्यासाठी रीतसर संस्था का काढत नाहीस. बोलायला लागले की मी कुठल्या कुठे जाते हे तुला कॉलेजपासून माहितीय, म्हणून टाइप करतेय. इथेही जाणारच आहे, वाच निवांत.

आधी तुला कोलेट थेन बाईंबद्दल सांगते. एडिनबर्गच्या. त्यांनाही माझाच आजार, लिव्हरचा, पीबीसी. त्यांनी १९९६ ला पीबीसी फाउंडेशन काढलं. १९९६ आठवतंय का, आपण एफवायला होतो, रात्री कमी पैसे लागतात म्हणून एसटीडीच्या बूथसमोर रांगेत उभं राहायचो. म्हणजे गुगल नाही, ग्रुप नाही, काही नाही. अशा काळात बाईंनी संस्था काढली. पुढे त्यांना एमबीई हा ब्रिटनचा किताब मिळाला, नंतर रॉबर्ट मिचेल-थेन काम बघायला लागले, हेल्पलाइन आहे, पुस्तिका आहेत, अ‍ॅप आहे, सगळं आहे. पण मला राहून राहून ती पहिली काही वर्षं डोळ्यासमोर येतात. फोन वाजतोय, पलीकडे घाबरलेली कुणीतरी, आणि इकडे उचलणारीला पण तीच खाज आणि तोच थकवा.

खाजेचं तुला नीट कधी सांगितलंच नाही मी. सुरुवात तळपायापासून झाली. दिवसा बरं असायचं, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. पुरळ नाही, गांधी नाही, वरून कातडी एकदम छान. आई म्हणाली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी, सेट्रिझिन घ्या. घेतली, दोन वर्षं. रात्री दोनला मी मोरीत पाय थंड पाण्याच्या बादलीत घालून बसायचे आणि लाटण्यानं पाठ खाजवायचे, आमच्या ह्यांनी एकदा लाइट लावला तर घाबरले बिचारे. शेवटी भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं तर लिव्हरच्या तपासणीतलं अल्कलाइन फॉस्फेटेस चौपट, मग मिरजेला दाखवलं, तिथून पुण्याला, मग एएमए नावाची टेस्ट पॉझिटिव्ह. आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या खाते, पित्त पुढे सरकत नाही, आतच तुंबतं. म्हणजे आई बरोबरच होती बघ, पित्तच होतं, फक्त आमसुलाच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि मग फाइलवर लिहून आलं, प्रायमरी बिलिअरी सिरोसिस. सिरोसिस म्हणजे लिव्हर निबर होणं, पण लोकांना तो शब्द ऐकला की दारूच आठवते. निमे, त्या शेवटच्या शब्दानं जे केलं ना ते खाजेनं नाही केलं. मेडिक्लेमच्या काउंटरवरच्या पोरानं कागद वाचला, मान वर न करता विचारलं, ‘पेशंटला आणलं नाही का काकू?’ मी म्हटलं मीच. तो गप्प झाला, मग आवाज खाली आणून, ‘ड्रिंक्सची हिस्ट्री काय लिहू?’ मागे रांगेत आमच्या बँकेतली शिपाईमावशी उभी. सोमवारी सगळ्या ब्रँचला माहीत. चुलतसासूबाई तर म्हणाल्या, अगं ती संकष्टी सोडत नाही, ती कशी पिईल, नवऱ्याचं दुखणं स्वतःच्या नावावर घेत नसेल ना. आमचे हे, जे चहासुद्धा अर्धा कप घेतात.

तर हेच, अगदी हेच, तिकडच्या बायकांचंही होत होतं. दहातल्या नऊ पेशंट बायका, बहुतेकींना निदान होतं तेव्हा सिरोसिस झालेलाच नसतो, आणि नावातच सिरोसिस. ते नाव १९५० च्या सुमाराला पडलं, तेव्हा पेशंट डॉक्टरपर्यंत पोचायचाच मुळी शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे त्या काळी ते खोटंही नव्हतं. पुढे रक्ततपासणीत लवकर कळायला लागलं, ह्या आजारावरची उर्सो नावाची गोळी आली, लोक वर्षानुवर्षं नीट जगायला लागले, पण नाव तेच. पेशंटांच्या संस्था मागे लागल्या की हे बदला. २०१४ च्या मे महिन्यात मिलानला युरोपातल्या लिव्हरच्या डॉक्टरांची खास पीबीसीवर परिषद झाली, तिथे विषय निघाला. नोव्हेंबरात युरोपच्या संघटनेनं मान्य केलं, २०१५ च्या एप्रिलमधे अमेरिकेतल्या लिव्हरवाल्यांनी, जुलैमधे तिथल्या गॅस्ट्रोवाल्यांनी. सिरोसिस गेलं, कोलँजायटिस आलं, म्हणजे पित्तनळ्यांची सूज. आणि हुशारी बघ, पीबीसी ही तीन अक्षरं तशीच ठेवली. कुणाच्या फाइली बदलायला नकोत, संस्थेची पाटीसुद्धा बदलायला नको.

माझं निदान त्याच्या कितीतरी नंतरचं आहे, तरी माझ्या फाइलवर जुनंच नाव. कारण बहुतेक कुणाच्यातरी कॉम्प्युटरमधे जुनाच फॉरमॅट पडलेला. पुढच्या व्हिजिटला मी पुण्याच्या डॉक्टरांना म्हटलं, सर हे नाव दहा वर्षांपूर्वी बदललंय. ते हसले, पेन काढलं, खोडलं, बाजूला सही केली. त्या सहीचा फोटो आहे माझ्याकडे, पाठवते.

दुसऱ्या बाई डेन्व्हरच्या, रिकी सेफर. त्यांचा आजार वेगळा, पीएससी, आमच्या पीबीसीचा चुलतभाऊ म्हण, पण जास्त वाईट स्वभावाचा. ह्यात पुरुष जास्त, पुष्कळांना जोडीला आतड्यांचा कोलायटिसही असतो, आणि त्याला आजही मंजूर असं एकही औषध नाही. शेवटी ट्रान्सप्लांट. क्रिस क्लग म्हणून एक स्नोबोर्डवाला होता, त्याला हाच पीएससी, २००० ला लिव्हर बदललं आणि २००२ च्या ऑलिंपिकमधे पठ्ठ्यानं ब्राँझ घेतलं. असो. रिकीबाईंना २००४ ला कळलं आणि २००५ ला त्यांनी संस्था काढली सुद्धा. मी तर पहिलं वर्ष नुसतं रडण्यात घालवलं. त्यांच्या संस्थेनं २०१४ ला पेशंटांची रजिस्ट्री सुरू केली. आजार एवढा दुर्मिळ की संशोधकाला एका गावात दहा पेशंट मिळत नाहीत, मग पेशंटांनीच एका ठिकाणी आपली माहिती भरून ठेवायची. मला हे काम सगळ्यात आवडलं. भाषण नाही, फोटो नाही, नुसता एक नीट भरलेला तक्ता. २०२० ला त्यांनी अमेरिकेच्या औषध खात्यासमोर पेशंटांना बोलायला बसवलं, की बाबांनो तुम्ही औषध तपासताना रक्ताचे आकडे बघता, आम्हाला झोप हवीय तेही बघा.

आता तुझा प्रश्न. मी का नाही.

एक म्हणजे थकवा. लोकांना वाटतं थकवा म्हणजे दमणं. तसं नाही गं. सकाळी सहाला उठल्यावर संध्याकाळचे सात वाजल्यासारखं वाटतं. आणि ह्याचा लिव्हरच्या रिपोर्टशी काही संबंध नाही, माझं वजन ६० किलो म्हणून उर्सो ३०० च्या तीन गोळ्या रोज, रिपोर्ट एकदम झकास, डॉक्टर खूश, आणि मी जिना चढताना मधे टेकते. ह्या अंगावर बँक, सासूबाईंचं मोतीबिंदू आणि वर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस? आमचे धाकटे दीर सीए आहेत, त्यांना विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, ट्रस्ट डीड, विश्वस्त, दरवर्षी ऑडिट, चेंज रिपोर्ट, देणगीदारांच्या करसवलतीचं ८०जी. भिशी नाही ही, की जमल्या चार जणी आणि काढल्या चिठ्ठ्या. शिवाय पैसा. पेशंटच्या संस्थेला पैसे द्यायला सगळ्यात आधी कोण पुढे येणार, औषध कंपनी. घेतले तर लोक विचारणार तुम्ही कुणाच्या बाजूच्या, नाही घेतले तर फोनचं बिल कोण भरणार. हे सगळं वर्षानुवर्षं निभावणाऱ्या माणसांचं मला कौतुक आहे ते म्हणूनच, नुसत्या चांगल्या मनावर ते होत नाही.

पण तू म्हणतेस तसं अगदीच काही नाही असंही नाही. आमचा ग्रुप आता अकरा जणींचा झालाय, एक इचलकरंजीची, एक जतची, दोघी कोल्हापूरच्या. माझा एकच नियम आहे, गुळवेलीचा काढा कुणी फॉरवर्ड करायचा नाही. चेष्टा नाही, २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी छापलंय, गुळवेल घेतलेल्या सहा जणांचं लिव्हर बिघडलं होतं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच उलटलीय त्यांना तर हे जास्तच जपायला हवं. ह्या नियमावरून एक बाई ग्रुप सोडून गेल्या. जाऊ देत.

आणि पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, नवीन पेशंटला तुमचा नंबर दिला तर चालेल का. मी हो म्हटलं, दुपारी तीन ते पाच, बुधवार सोडून. परवा जतच्या बाईंचा पहिला फोन आला तो तसाच. बराच वेळ नुसत्या रडल्या, मग म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही रात्री पाय कशात घालता?’ मी म्हटलं बादलीत. त्या म्हणाल्या मी घमेल्यात. मग दोघी हसलो. संस्था म्हणशील तर सध्या एवढीच आहे.

आता तुझ्याकडे काम. एका पानाचं मराठी पत्रक लिहितेय, क्लिनिकमधे ठेवायला. आजार काय ते सांगायचं, सिरोसिस हा शब्द न वापरता. यकृत लिहिलं तर जतच्या बाईंना कळत नाही, लिव्हर लिहिलं तर त्यांच्या सासूला दारूच आठवते, काळीज लिहिलं तर तू हसशील, आणि पित्तनलिका हा शब्द तर शाळेनंतर मीच पहिल्यांदा लिहिला. मी सध्या ‘पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या’ असं केलंय. कच्चं पान सोबत जोडलंय. तुझ्या आठवीच्या वर्गात एखाद्या पोरीला मोठ्यानं वाचायला लाव आणि ती कुठे कुठे अडखळते तिथे पेन्सिलनं खूण करून पाठव. शुद्धलेखन नंतर बघू.

तुझी,
सुमी