माझा जुना फोन जपून ठेवा

बोस्टन,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आप्पा आणि आईस साष्टांग नमस्कार. आजीच्या पायांवर डोकं.

गेल्या रविवारी आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तू काय शिकी रायनी व माय?" मी म्हटलं, मीडिया. "मग टीव्हीवर कधी दिसशील?" असं तिने विचारलं आणि तेवढ्यात रेंज गेली. आप्पा, ऑगस्टमध्ये साक्रीच्या स्टँडवर माझी बॅग गाडीत चढवताना तुम्हीही वेगळ्या शब्दांत हेच विचारलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप तर सगळ्यांनाच येतं, त्याच्यासाठी एवढं कर्ज काढून एवढ्या लांब कशाला? तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोनवर सांगणं होत नाही. इथे माझी सकाळ सरत आलेली असते तेव्हा तुमच्याकडे जेवणं आटोपून अंथरुणं पडलेली असतात. म्हणून कागदावर लिहिते आहे. आजीला मोठ्याने वाचून दाखवा, पण त्याआधी सगळं पत्र एकदा तुम्ही आणि आईने वाचा. त्यात एक गोष्ट आहे जी मी सात वर्षं घरात बोलले नाही.

आधी शिक्षणाचं. मी बोस्टन युनिव्हर्सिटीत 'इमर्जिंग मीडिया स्टडीज' मध्ये एम.ए. करते आहे. इमर्जिंग म्हणजे नव्याने उगवणारी माध्यमं. आज सोशल मीडिया आणि बोलणारं, लिहिणारं एआय, उद्या आणखी काही. रील कशी बनवायची ते इथे कुणी शिकवत नाही. नवं माध्यम घरात शिरलं की माणसं एकमेकांशी कशी वागू लागतात, कुणावर विश्वास ठेवतात आणि कुणावरचा काढून घेतात, हे तपासायला शिकवतात. अर्धा वेळ सिद्धान्त वाचण्यात जातो, अर्धा संख्याशास्त्रात. संख्याशास्त्राची मला धास्ती होती, पण आता संगणकावर हजारो ओळींची माहिती चाळून त्यातून खरंच काही दिसतंय की आपल्याला उगाच भास होतोय, हे ओळखता येऊ लागलंय.

आप्पा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल माझ्याच विद्यापीठात शिकवायचे. 1875 मध्ये विद्यापीठाने त्यांना वर्षाचा पगार आगाऊ दिला, म्हणून त्यांना प्रयोगांना वेळ मिळाला. मग 10 मार्च 1876 रोजी याच शहरात, तारेवरून शेजारच्या खोलीत पहिलं वाक्य ऐकू गेलं. एका शिक्षकाला आगाऊ पगार मिळाला आणि पुढे पुण्याच्या काकांच्या एका ट्रंक कॉलसाठी तुम्ही पोस्टात दोन-दोन तास बसून राहिलात. कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरून, ट्राम रस्त्याच्या मधून खडखडत जात असते तिच्या बाजूने चालताना, मला हे बऱ्याचदा आठवतं.

वर्गात एक प्रयोग शिकलो, तो तर पत्रांचाच आहे. 1960च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 296 माणसांना एकेक पाकीट दिलं. त्यातले बरेचसे दूर नेब्रास्कात राहणारे होते. पाकीट पोचवायचं होतं बोस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालाला, जो इथून जवळच्या शेरॉन गावात राहायचा. अट एकच होती. ओळख नसेल तर थेट पाठवायचं नाही, ज्याला आपण जवळून ओळखतो आणि जो त्या दलालाच्या थोडा जवळचा असेल अशाच माणसाकडे द्यायचं. 64 पाकिटं पोचली, तीही सरासरी सुमारे पाच मध्यस्थांतून. जग लहान आहे असं सगळे या प्रयोगावरून सांगतात. मला मात्र न पोचलेली 232 पाकिटं डोळ्यांसमोर येतात. ती कुठे गेली? कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिली. त्या पाकिटात घाबरण्यासारखं किंवा चीड येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पुढे द्यायची घाई कुणालाच झाली नाही.

भीतीचं पाकीट टेबलावर पडून राहत नाही. हे मला पुस्तकाआधी माहीत होतं.

जून 2018. मी सतरा वर्षांची, बारावीत. तेव्हा मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते ते तुम्हाला आठवत असतील. त्यात एक व्हिडिओ होता. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. मला तो क्लासच्या ग्रुपवर आला. मी तो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "लहान मुलांना बाहेर सोडू नका." मामाने हात जोडल्याची खूण टाकली. आई, तू तो बचत गटाच्या बायांना पाठवलास. मीच सांगितलं होतं तुला, पाठव म्हणून. मला वाटलं, आपण कुणाचं तरी लेकरू वाचवतोय.

1 जुलैला, रविवारी, आपल्याच तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजारात पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारे म्हणून मारलं. त्या संध्याकाळी आप्पा, तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, जेवलात नाही. मी आत जाऊन ग्रुपवरचा तो व्हिडिओ माझ्या फोनमधून डिलीट केला, आणि मग आईच्या फोनमधूनही. आई, तुला हे माहीत नाही.

पुढे कळलं की तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओत ती माणसं पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, की बघा, मूल पळवायला किती कमी वेळ लागतो. कुणीतरी तो शेवट कापला. कापलेला तुकडा भारतभर फिरला, आणि त्या वाटेवरचं एक घर आपलं होतं.

मी पाठवलेला मेसेज राईनपाड्यापर्यंत गेला की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही. बहुतेक नसेल गेला. तरी ते पाच जण माझ्या मनातून गेले नाहीत. तुम्ही विचारलंत ना, एवढ्या लांब कशाला? यासाठी.

इथे आल्यावर दुसऱ्या महिन्यात मला एक धागा सापडला. 1942 साली, महायुद्ध चालू असताना, 'बोस्टन हेरल्ड' या वर्तमानपत्रात 'रूमर क्लिनिक' नावाचं सदर सुरू झालं. अफवांचा दवाखाना! हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट नॅप त्यामागे होते. गावातली माणसं ऐकलेल्या अफवा कळवायची, त्या तपासल्या जायच्या आणि खरं काय ते छापून यायचं. कॉप्ली चौकातल्या सार्वजनिक ग्रंथालयात मी मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर दोन शनिवार बसले. जुनी पानं पडद्यावरून सरकवताना डोळे दुखतात, पण उठवत नाही.

नॅपने त्याच वर्षी देशभरातल्या हजाराहून जास्त अफवा वर्गवारी करून मोजल्या. मला वाटलं होतं, युद्ध आहे म्हणजे बहुतेक अफवा शत्रूच्या भीतीच्या असतील. तशा होत्या त्या सुमारे एक चतुर्थांश. सगळं भलं होणार अशा आशेच्या अफवा तर शंभरात दोनच. उरलेल्यांतला मोठा भाग, म्हणजे एकूण अफवांच्या जवळजवळ दोन तृतीयांश, आपल्याच देशातल्या माणसांविरुद्ध होता. ज्यूंविरुद्ध, काळ्या लोकांविरुद्ध, स्वतःच्या सैन्याविरुद्ध, सरकारविरुद्ध. नॅपने त्यांना पाचर ठोकणाऱ्या अफवा म्हटलंय. आप्पा, लाकूड फोडताना आपण पाचर घालतो ना, तेच. लाकूड आधीच जिथे तडकलेलं असतं तिथेच पाचर शिरते. डवरी गोसावी दारोदार फिरतात, त्यांचा वेश वेगळा, बोली वेगळी. तड आधीचीच होती. व्हिडिओने पाचर दिली.

मोबाइल नसतानाही हे असं होतं. मग नवं काय? वेग, असं सगळे म्हणतात. नदीपलीकडच्या एमआयटीतल्या तिघांनी 2018 मध्ये ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली. 1,500 माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि ते काम यंत्रांचं नव्हतं, माणसांचं होतं. पण ते ट्विटर, तिथे सगळं उघड्यावर असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं 2016 पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही. ते योग्यच आहे, आईचं आणि माझं बोलणं तिसऱ्याने का वाचावं? पण त्यामुळे संशोधकाला आत डोकावता येत नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा नियम व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केला, पुढे तो जगभर लागू झाला. पाच ही मर्यादा आमच्या वर्गात नुसता आकडा म्हणून आली. मी खाली मान घालून वहीत बघत राहिले.

मला वाटतं, वेगापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या हातून आलं. बचत गटाच्या बायांनी तो व्हिडिओ खरा मानला कारण तो आईकडून आला. आईने खरा मानला कारण तिच्या शिकणाऱ्या मुलीकडून आला. अफवेने आपल्या घरातली माया वापरली. मला माझ्या प्रकल्पात हेच शोधायचंय. आणि आत डोकावता येत नाही म्हटल्यावर एकच मार्ग राहतो, माणसांसमोर बसून विचारायचं. तुम्हाला आलेला एखादा मेसेज तुम्ही पुढे पाठवला नाहीत असं कधी झालं का? का नाही पाठवलात? थांबणाऱ्याच्या मनात काय होतं हे मला हवंय. पाठवणाऱ्याला दोष देणारे पुष्कळ आहेत.

त्यासाठी मला आपल्याकडच्या बाया हव्या आहेत, अहिराणीत बोलणाऱ्या. फोनवरून मुलाखत घेईन. आई, लगेच कुणाला विचारू नकोस. इथे आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. मी प्रश्न काय विचारणार, नावं कशी लपवणार, कुणाला त्रास झाला तर काय करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. संमतीपत्रही त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचं. मी ते अहिराणीत करते आहे. 'संमती'ला आजी काय म्हणेल, तिला विचारून कळवा.

बाकी मी बरी आहे. ऑलस्टन भागात चौघी मिळून राहतो. साडेचारलाच अंधार पडतो, त्याची सवय अजून होत नाही. ग्रंथालयात काम मिळालंय, व्हिसाच्या नियमाने आठवड्याला 20 तासांच्या वर करता येत नाही, पण भाजीपाला त्यात निघतो. बाजरीचं पीठ मिळतं. भरताची आपली हिरवी वांगी नाहीत, जांभळी आणली आणि गॅसवर भाजली तर धुराचा भोंगा वाजला. आता ओव्हनमध्ये भाजते. चव येत नाही. आप्पा, गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या. हप्त्याची काळजी करू नका, मे महिन्यापर्यंतचा हिशेब मी वहीत मांडून ठेवलाय.

आता काम. माझा बारावीतला फोन, काच तडकलेला, मधल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली असेल. भंगारात देऊ नका. मी व्हिडिओ डिलीट केला, पण त्याखाली मी लिहिलेली ओळ आणि त्यावरची सगळ्यांची उत्तरं त्यात अजून असावीत, तारीख-वेळेसकट. समितीला मी लिहून देणार आहे की हा अभ्यास मी आधी स्वतःपासून सुरू करते आहे. आप्पा, जुना चार्जर कपाटात वरच्या खणात आहे. फोन लावून बघा. चालू झाला तर काहीही उघडू नका, फक्त मला कळवा. आणि आईशी बोलून झालं की माझ्याशीही बोला. रात्र झाली असली तरी चालेल, मी उचलेन.

तुमची,
छोटी