त्या निवेदनावर मी सही का केली नाही : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी ठाण्याचा. पोलीस खात्यात नोकरी केली, त्यातली १४ वर्षं बॉम्बशोधक पथकात श्वानाचा हँडलर म्हणून. आता निवृत्त आहे.

आमच्या जुन्या हँडलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक निवेदन आलं. ड्यूटीवरच्या पोलीस श्वानाला ठार मारणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारा वेगळा कायदा करा, अशी त्यात आपल्याकडे मागणी आहे. सोबत अमेरिकेतली एक जुनी बातमी जोडली होती. फ्लोरिडात एका मुलाने निवृत्त पोलीस श्वानाला गोळ्या घातल्या आणि २०१४ साली कोर्टाने त्याला २३ वर्षांची कैद दिली. खाली प्रत्येकाचा एकच सवाल : आपल्याकडे हे कधी?

जवळपास सगळ्यांनी नावं टाकली, मी टाकलं नाही. एका मित्राने रात्री फोन करून विचारलं, "अरे, तुझीच सही नाही?" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही. ते आपल्याला लिहून सांगतो, कारण निवेदन आपल्याकडेच यायचं आहे.

आधी माझ्या कुत्रीबद्दल. लॅब्राडोर होती. पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रातून आम्ही दोघं बरोबरच शिकून आलो. स्फोटकांचा वास लागला की ती भुंकायची नाही, पंजाने उकरायचीही नाही, गपकन खाली बसायची. उकरलं तर वस्तू फुटू शकते, म्हणून तसंच शिकवलेलं असतं. विसर्जनाच्या रात्री तलावपाळीला ढोल-ताशांच्या गजरात ती हजारो पायांमधून नाक खाली घालून चालायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. ती बसली, की माझ्या पोटात गोळा यायचा. मे महिन्याच्या बंदोबस्तात गाडीतून तिला उतरवण्याआधी मी डांबरावर तळहात टेकवायचो. मला चटका बसला तर तिला सावलीच्या कडेने न्यायचो. तिला ना पगार, ना पदक. काम झालं की एक चेंडू मिळायचा, आणि तेवढ्यासाठी ती बॉम्बच्या तोंडाशी जायची. तिला कुणी मारलं असतं, तर मी काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या श्वानाची आठवण अजून कितीतरी लोक काढतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंवर आरडीएक्स हुडकून दिलं. मुंबईबरोबर आपल्या मुंब्रा-ठाण्यातलेही बॉम्ब त्याच्यामुळे सापडले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप मिळाला, आणि तो त्याचा हक्कच होता. तेव्हा श्वानांचा जीव मला स्वस्त वाटतो, असं कुणी समजू नये.

आता कायद्याकडे येतो. जुन्या भारतीय दंड विधानात कुत्रा मारणं हा गुन्हा 'आगळीक' या सदरात होता, म्हणजे मालमत्तेची नासधूस. कलम ४२९ प्रमाणे हत्ती, घोडा, बैल, गाय किंवा ५० रुपये व त्याहून जास्त किमतीचा कुठलाही प्राणी ठार मारला, तर ५ वर्षांपर्यंत कैद. आणि हयगयीने माणूस मारला, तर कलम ३०४-अ प्रमाणे जास्तीत जास्त २ वर्षं, किंवा नुसता दंड. ३०४-अ कायद्यात १८७० साली आलं आणि २०२४ च्या जूनपर्यंत टिकलं. दीडशे वर्षांहून जास्त काळ ५० रुपयांचं जनावर ५ वर्षांचं आणि माणूस २ वर्षांचा.

मुद्दाम मारणं आणि हयगयीने मृत्यू होणं यांत फरक असतो, हे मला नोकरीत शिकवलं गेलं आणि ते मला पटतं. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहेच. पण हयगय या एका शब्दात काय काय बसवलंय ते बघा. क्षणभर डुलकी लागलेला माणूस त्यात आहे. आणि ब्रेक धड नाहीत हे ठाऊक असूनही गाडी रस्त्यावर काढायला लावणारा मालक कधी आरोपी झालाच, तर तोही सहसा त्यातच.

माझा धाकटा भाऊ २०१५ च्या जुलैत गेला. दुसरी पाळी संपवून रात्री घोडबंदर रोडने बाईकवरून घरी येत होता. मागून खडीचा डंपर आला. मी पोहोचलो तेव्हा त्याला हलवलं होतं. दुभाजकाशी त्याचा स्टीलचा डबा पडलेला होता, चेपून ताटासारखा सपाट झालेला, पण झाकणाची कडी लागलेलीच होती. पुढे तो डबा मुद्देमालात जमा झाला. अजून परत मिळालेला नाही.

चालकाला दुसऱ्या दिवशी जामीन झाला. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे त्यात कुणाची चूक नाही. मग ७ वर्षं तारखा पडत राहिल्या. एक पंच गाव सोडून गेला, दुसऱ्याला काही आठवेना. शेवटी चालकाने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली : कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड.

कोर्ट उठेपर्यंतची कैद कशी असते, ते सांगतो. आरोपीला मागच्या बाकावर बसवतात. दिवसाचं कामकाज संपलं, न्यायाधीश उठले, की तो सुटला. त्या दिवशी मीही घरी गेलो नाही. त्याच्यापासून दोन बाकं सोडून बसून राहिलो. पंखा फिरत होता, दुसऱ्यांचे खटले पुकारले जात होते. मधे एकदा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, हात थरथरत होते. लागोपाठ दुसरी रात्र गाडी चालवत होतो, असं त्याने तपासात सांगितलं होतं. ज्याने त्याला दुसऱ्या रात्री गाडीवर बसवलं, तो कंत्राटदार ७ वर्षांत एकदाही कोर्टाची पायरी चढला नाही. कारण कागदोपत्री तो आरोपीच नव्हता. संध्याकाळी न्यायाधीश उठले. चालक उठला, मीही उठलो.

त्या न्यायाधीशांना मी दोष देत नाही. कायद्याने त्यांच्या हातात दिलेल्या पट्टीवर वरचं टोक २ वर्षं होतं आणि खालचं टोकच नव्हतं.

नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कलम १०६(१) मध्ये हयगयीने मृत्यूला ५ वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड आला. प्राण्याला मारण्यासाठी कलम ३२५, तिथेही ५ वर्षांपर्यंतच, आणि ५० रुपयांची अट गेली. म्हणजे कमाल शिक्षेत माणूस आता कुठे जनावराच्या बरोबरीला आला. पण १०६(१) मध्येही कमीत कमी किती, ते लिहिलेलं नाही. कोर्ट उठेपर्यंतची कैद त्यात आजही बसते. अपघात करून न कळवता पळणाऱ्यासाठी १०६(२) मध्ये १० वर्षांची तरतूद केली. त्याविरुद्ध २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलैला बाकी संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम मागे ठेवण्यात आलं.

हा माझ्या एकट्याचा गाऱ्हाण्याचा विषय नाही. पंजाबातल्या एका अपघातात दोघांचा जीव गेला होता. खालच्या कोर्टाने १ वर्षाची शिक्षा दिली. हायकोर्टाने ती आरोपीने आधीच भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती ६ महिने केली, आणि ३०४-अ मधल्या शिक्षेकडे कायदे करणाऱ्यांनी पुन्हा बघावं, असंही सुनावलं. दोन माणसं आणि २४ दिवस. पण ती शिक्षा वाढली कशी? राज्य सरकार स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेलं म्हणून.

मी हे पत्र लिहिलं ते इथपर्यंत येण्यासाठी. भावाच्या निकालानंतर सरकारी वकिलांना मी विचारलं, अपील करू का? ते म्हणाले, "तुम्हाला करता येत नाही." मला वाटलं टाळतायत. घरी येऊन कायदा काढून बघितला, तर खरंच. मयताच्या घरच्यांना आरोपी सुटला तर अपील करता येतं, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरवला तर येतं, भरपाई कमी मिळाली तरी येतं. शिक्षा अपुरी आहे म्हणून मात्र येत नाही. तो अधिकार फक्त सरकारचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३७७ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१८ आहे. मी एका कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही, आणि वेळ निघून गेली.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि तिच्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. हयगयीने मृत्यूच्या प्रत्येक खटल्यात शिक्षा झाली, की अपील करायचं की नाही याचा लेखी निर्णय सरकारी पक्षाने ठरलेल्या मुदतीत घ्यावा. तो कारणांसह मयताच्या घरी कळवावा. नकार असला तरी कळवावा, घरच्यांना निदान वाट बघत बसावं लागणार नाही. आणि तपासात गाडी कोणी, किती तास, कुठल्या अवस्थेत चालवायला लावली, हे शोधणं ठाण्यातल्या नि नवी मुंबईतल्या अवजड वाहनांच्या रस्त्यांवर तरी सक्तीचं करावं. नुसती शिक्षा वाढवली, तर मागच्या बाकावर तोच थरथरत्या हातांचा चालक जास्त दिवस बसेल आणि कंत्राटदार दुसरा चालक शोधेल.

श्वानांबद्दलही मला मागायचं आहे, पण निवेदनात आहे ते नाही. फ्लोरिडाच्या त्या खटल्यात हत्यारासह घरफोडी केल्याचाही आरोप होता. २३ वर्षं एकट्या कुत्र्यासाठी नव्हती, हे बातमी फिरवणारे सांगत नाहीत. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे २०१६ मध्ये फिन नावाच्या पोलीस श्वानावर चाकूहल्ला झाला, तो वाचला. २०१९ मध्ये झालेल्या कायद्याचा मुख्य भाग असा, की ड्यूटीवरच्या श्वानाला इजा करून 'मी स्वतःचा बचाव केला' अशी सबब सांगता येऊ नये. २०२१ मध्ये कमाल शिक्षा ५ वर्षं झाली, ती सगळ्याच प्राण्यांच्या छळासाठी. पोलीस श्वान हा सामानाचा नग नसून ड्यूटीवरचा जीव आहे, एवढं आपल्या कायद्यात आलं तरी मला पुरे. त्यासाठी जन्मठेप नको. खडीच्या डंपरखाली गेलेल्या माणसासाठी कोर्ट उठेपर्यंत आणि माझ्या लॅब्राडोरसाठी जन्मठेप, अशा कागदावर माझा हात उठत नाही. ती असती, तर तिच्याही नजरेला नजर देता आली नसती. माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी तिला गायमुखच्या खाडीकडे फिरवायला न्यायचा.

निकालाची प्रत, अर्जाची पोच आणि मुद्देमालाची यादी माझ्याकडे फाईलमध्ये आहे. यादीत चौथ्या ओळीवर लिहिलंय, 'स्टीलचा डबा, एक, चेपलेला'. आपण बोलावलंत, तर फाईल घेऊन मंत्रालयात येईन.

आपला,
एक निवृत्त श्वान हँडलर, ठाणे