सूज उतरली, दुखणं राहिलं: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. नऊ वर्षांपासून मला संधिवात आहे. डॉक्टर त्याला रुमॅटॉईड आर्थ्रायटिस म्हणतात, आमच्याकडे सगळ्याच सांधेदुखीला सरसकट 'वात' म्हणतात. दोन वर्षं झाली, माझे रिपोर्ट चांगले येतात. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आटोक्यात आहेत, बोटांची सूजही उतरलीय. तरी पहाटे उठल्यावर मूठ वळत नाही. भाकरी थापताना बोटं टेकवत नाही, मनगटाच्या कडेनं पीठ दाबते. मग भाकरी एका अंगाला जाड राहते आणि तव्यावर फुगत नाही. सासूबाई विचारतात, "रिपोट चांगला शे ना, मंग काबर दुखस?" त्या टोमणा मारत नाहीत, त्यांना खरंच कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

पण दवाखान्यातही मला हेच ऐकायला मिळालं. एका ठिकाणी म्हणाले, मनाचं आहे, लक्ष देऊ नका. दुसऱ्या ठिकाणी स्टिरॉइडची गोळी वाढवून दिली. चार महिने घेतली. चेहरा सुजला, साखर वाढली, दुखणं होतं तिथंच.

शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठलं. तिथल्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून बाजूला ठेवले आणि विचारलं, झोप कशी लागते? नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं. सांधे खूप काळ सुजलेले राहिले की तिथल्या नसा हळव्या होतात. मज्जारज्जू आणि मेंदूलाही वेदनेची सवय लागते. औषधानं सूज शमते, पण ती सवय मोडत नाही, साधा स्पर्शही दुखरा वाटू शकतो. झोप मोडली, मन खचलं की दुखणं आणखी चढतं. अशा वेदनेला २०१७ पासून 'नोसिप्लास्टिक' असं वेगळं नाव आहे. कुणाच्या बाबतीत सांधा झिजलेला असतो, कुणाची सूज आतून चालूच असते, म्हणून आधी नीट तपासावं लागतं. पण दुखणं या सवयीचं असेल तर स्टिरॉइड वाढवून काही हाती लागत नाही. तिथं बेतानं वाढवत नेलेला व्यायाम, झोप, समुपदेशन आणि गरज पडली तर नसांवरची औषधं लागतात.

साहेब, आजार किती चढलाय हे ठरवायला बहुतेक ठिकाणी २८ सांधे तपासतात. त्यात खांदे, कोपर, मनगट, बोटं, गुडघे येतात. घोटा आणि पाऊल येत नाही. आमच्या बाया दिवसभर पराटीत उभ्यानं कापूस वेचतात. त्यांचा तळपाय पेटलेला असला तरी कागदावर आकडा चांगलाच दिसतो.

दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात संधिवाताचं नाव नाही. सांधा किती वाकतो यासारख्या गोष्टींवर दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात. मी त्या टक्क्यांच्या तपासणीला गेले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. तोवर माझा हात मोकळा झालेला असतो. पहाटे पाचला याच हातानं मला नळाची तोटी फिरवता येत नाही, हे त्या टेबलावर कसं दाखवू?

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एनसीडी (असंसर्गजन्य आजारांचा) कक्ष आहे, तिथं बीपी-शुगर न चुकता तपासतात. त्याच कक्षात संधिवाताच्या रुग्णाला दोन प्रश्न विचारायला सांगा: किती दुखतं आणि झोप लागते का. उत्तर केसपेपरवर लिहायला लावा. आठवड्यातला एक दिवस फिजिओथेरपिस्ट ठेवा, महिन्यातून एकदा संधिवाततज्ज्ञ बोलवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना हे दुखणं शिकवा.

दसऱ्याच्या सुमारास वेचणीला जोर येतो. त्याआधी निदान चोपडा, शिरपूर आणि शहाद्याला हा संधिवाताचा दिवस सुरू करा. पहिल्या दिवशी मी माझ्यासोबत गल्लीतल्या चौघींना घेऊन येईन. चौघींचेही रिपोर्ट चांगले आहेत.

आपली नम्र,
चोपडा तालुक्यातील एक संधिवात रुग्ण