टेलरमामा, तुमच्या मापाच्या वह्यांसाठी

टेलरमामा, सा. न. वि. वि.

आपल्या ज्युदो क्लबचा इतिहास लिहून झाला. परवा मुलींनी तो मोठ्यानं वाचून काढला. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

बेळगावजवळच्या तुम्मरगुद्दीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे मध्य आशियातल्या कुस्तीत, ५२ किलो गटाचं कांस्य आणलं. ती मूळची ज्युदोची, हे कळल्यावर आमच्या पोरी विचारू लागल्या, "ताई, आपल्या क्लबात आधी कोण मुली होत्या?" सांगणारं कोणी भेटेना. जुन्या पदाधिकाऱ्यांकडे हारतुऱ्यांचे फोटो निघाले, त्यांत खेळाडू एकही नाही. एका कचेरीत "फाईल बघून सांगतो" एवढंच ऐकत राहिले. एका गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, "बेळगावसारख्या तालमींच्या गावात ज्युदोचा कसला आलाय इतिहास?" तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र माळ्यावरच्या वह्या काढून दिल्यात. तयार ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, परवडत नव्हती तेव्हा जाड दोसुती दुहेरी घेऊन, खांद्यांवर गोधडीसारखे टाके घालून तुम्ही ती शिवत होतात. ज्युदोत पकड कॉलरची नि बाहीची. शिवण उसवली की सराव थांबला. म्हणून पानोपानी नाव, साल, छाती, बाही, उंची. कोण कधी आलं, कोण किती वाढलं, कोण दुरुस्तीला परत आलं, सगळं त्यात आहे. मॅट नव्हती तेव्हा भाताचं पिंजर भरायला शिवलेली ताडपत्रीची खोळसुद्धा! जपानी तातामीच्या, म्हणजे तिकडच्या जाड चटईच्या, पोटातही भाताचा पेंढाच असायचा, हे सांगितल्यावर किती हसलात तुम्ही. बायकांच्या ज्युदोला ऑलिंपिक पदकं मिळायला लागली ती १९९२ मध्ये, बार्सिलोनात. त्याच्याही आधीच्या पानांवर आपल्या मुलींची मापं सापडली, तेव्हा मला रडू आवरेना.

पण मामा, मी खरी हलले ती त्या पट्ट्यांनी. प्रत्येक पानावर शेवटच्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. मी विचारलं, तर मशीनवरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "बाकी लिवलेली हाय तितं. पोरं आता संसाराला लागल्यात. कशाला कुणाला कळायला पायजे?" वह्या द्यायच्या आदल्या रात्री जागून, घरची खळ करून तुम्ही एकेक पान झाकलंत, हे मामींनी नंतर सांगितलं. पैसे तुमचे बुडालेले, आणि तुम्हाला काळजी बुडवणाऱ्यांच्या अब्रूची.

जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला. आपल्याबरोबर दुसऱ्याचंही भलं व्हावं, हे त्यांच्या शिकवणीतलं एक सूत्र. आम्ही ते क्लबच्या भिंतीवर रंगवून घेतलंय. तुम्ही ते कुठं वाचलं नव्हतं. गल्लोगल्ली अशी माणसं असतात, कुठल्या समितीवर नसतात, आणि त्यांच्याच जिवावर पोरांचे खेळ चालतात.

वह्या परत पाठवतेय. एकही पट्टी उचकटलेली नाही. इतिहास वाचून काही जुने खेळाडू तुमच्या दुकानाचा पत्ता विचारायला लागलेत, मी दिलाय. कुणी येऊन हातात काही ठेवलं तर परत करू नका, एवढं माझं ऐका.

तुमची,
क्लबमधली ताई